कॅप्सूलमधले रोबो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात सदराला आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल निघाले, जपानमधल्या त्या नाणं टाकून खटका फिरवायच्या मशीनमधून प्लॅस्टिकच्या गोळ्यात, म्हणजे कॅप्सूलमध्ये, निघणारे इवलेसे रोबो. कुणाचा मुलगा तिकडे शिकायला गेलाय, कुणी फिरायला जाऊन बॅगेच्या कोपऱ्यात चार गोळे घेऊन आलंय, कुणी इथेच बसून मोबाइलवर बघून बघून वेडं झालंय. म्हटलं सगळं एकदाच बसून लिहून टाकू. काही प्रश्न कापलेत, काही दोन-तीन मिळून एक केलेत, राग मानू नका.

ताई, ऑफिसच्या कामाने टोकियोला चाललोय, मोकळा वेळ फक्त शनिवार-रविवार. मित्र म्हणतो गाशापॉन आणच. हे नक्की काय असतं, कुठे मिळतं, पैसे किती लागतात? मला गंडमबिंडम काही कळत नाही पण लहानपणापासून रोबो आवडतात. (पुणे)

गाशापॉन हे बांदाई या जपानी खेळणी कंपनीचं या मशीनमधल्या खेळण्यांसाठीचं नाव, पण तिकडे लोक सरसकट गाचागाचा, गाचा असं काहीही म्हणतात. खटका फिरवताना 'गाचा' आणि गोळा खाली पडला की 'पॉन', एवढंच. मूळ मशीन अमेरिकेतलं, 1965 साली टोकियोच्या कुरामाए भागातल्या पेनी शोकाई नावाच्या व्यापारी पेढीने ते जपानात आणलं, तेव्हा 10 येनचं नाणं लागायचं. बांदाई या धंद्यात उतरली 1977 ला आणि तिने डायरेक्ट 100 येनवालं मशीन लावलं, जेव्हा बाकीचे 20 येनला विकत होते. लोकांना वाटलं असेल हे बुडणार, पण शंभर येन घेतल्यावर आतला माल बरा देता येतो हे त्यांनी बरोबर हेरलं होतं आणि तिथून पुढे या खेळण्याची सगळी गोष्ट 'एवढ्या पैशात, एवढ्या गोळ्यात काय बसवता येईल' याचीच आहे. हे डोक्यात ठेवून बघा, मग त्या खेळण्यांकडे बघायची नजरच बदलते.

कुठे मिळतं म्हणाल तर कुठे मिळत नाही ते विचारा. स्टेशन, सुपरमार्केटचा जिना, मॉलचा कोपरा, विमानतळ. पण तुमच्याकडे दोनच दिवस आहेत तर दोन ठिकाणं पुरे. एक इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीतलं गाशापॉन डिपार्टमेंट स्टोअर, 2021 ला उघडलं तेव्हा एकाच जागी 3010 मशीन म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली त्याची. दुसरं अकिहाबाराचं गाचापोन काइकान, ते छोटं, जुनं, गल्ल्या इतक्या अरुंद की पाठीवर सॅक असेल तर पुढे घ्या. मला विचाराल तर अकिहाबारा आधी. इकेबुकुरोत तीन हजार मशीन बघून माणूस गांगरतो आणि भलत्याच मशीनवर नाणी उडवून येतो, मग हॉटेलवर जाऊन बघतो तर हातात सुशीवर बसलेलं मांजर.

आता पैसे. रोबोवाले बहुतेक 300 ते 500 येनच्या घरात, 100 येन म्हणजे आपले साठ रुपये, थोडे इकडे-तिकडे. मशीनला 100 येनची नाणी लागतात, काही ठिकाणी आता फोनने पण पैसे भरता येतात पण त्याच्या भरवशावर राहू नका. नाणी संपली तर जवळच सुट्टे देणारं मशीन असतं, त्याला र्योगाएकी म्हणतात, दुकानदाराला सुट्टे मागत बसू नका. मशीनच्या तोंडावर जो रंगीत कागद असतो त्यावर सेटमधले सगळे नग छापलेले असतात, खटका फिरवायच्या आधी तो नीट बघा, कारण पाच चित्रांपैकी दोन तुम्हाला आवडले आणि तीन नाही तर ते मशीन तुमचं नाही, सरळ पुढे जा. रिकामा गोळा टाकायला बाजूलाच पेटी असते, तिथेच टाका, नाहीतर परतताना बॅगेत नुसते गोळेच खळखळतील. आणि परतीच्या दिवशी नारिता विमानतळावर पण मशीन दिसतील, ती खास उरलेल्या नाण्यांसाठीच लावलीत, आणि खरंच आहे, नाणी आपल्याकडे कोण बदलून देतं?

गंडमचे छोटे फिगर जमवायला सुरुवात करायचीये. इतके प्रकार दिसतात की डोकं चालत नाही. केशी, एचजी, एन्सेम्बल, एसडी... कुठून सुरू करू? बजेट फार नाही. (कोल्हापूर)

दादा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. बाकीच्यांसाठी आधी एवढंच, गंडम म्हणजे जपानच्या एका कार्टून मालिकेतले लढाऊ रोबो.

केशी म्हणजे एकाच रंगाच्या मऊ रबरासारख्या प्लॅस्टिकचे ठोकळे, बोटाच्या दोन पेरांएवढे. ना रंग, ना सांधा, ना सुटा भाग. या प्रकाराचं वेड लागलं ते कुस्तीच्या एका कॉमिकमुळे, किन्निकुमान, त्याच्या पैलवानांच्या केशी 1983 पासून बांदाईने मशीनमध्ये घातल्या आणि 418 प्रकार, मिळून 18 कोटी नग विकले. अठरा कोटी! जपानची तेव्हाची लोकसंख्या बारा कोटी होती म्हणजे बघा. मग या गरम तव्यावर रोबो आले. 1985 ला एसडी (सुपर डिफॉर्म्ड, म्हणजे मुद्दाम बेढब केलेल्या) गंडमच्या केशी निघाल्या आणि माझ्या मते हीच या सगळ्या छंदातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

का ते सांगते. गंडमची मालिका 1979 ची, योशियुकी तोमिनोची, त्यातला रोबो 18 मीटर उंच, लांब पाय, बारीक कंबर. हा गडी जसाच्या तसा छोट्या गोळ्यात बसवायचा म्हणजे चारशेपट लहान करायचा, मग त्याचे पाय काडीसारखे होतात, चेहरा मसुराएवढा आणि कपाळावरचं ते पिवळं व्ही चिन्ह तर दिसतच नाही. एसडीमध्ये डोकं अख्ख्या अंगाएवढं, हातपाय गुटगुटीत. जागा सगळी चेहऱ्याला. त्यामुळे एका रंगाचा बिनरंगवलेला ठोकळा असूनही लांबून कळतं की हा झाकू, हा डोम (हे दोन त्याच मालिकेतले शत्रूचे रोबो), हा गंडम. आणि याची सुरुवात कंपनीच्या मीटिंगमध्ये झाली नाही, तर बांदाईच्या मॉडेलवाल्या मासिकाला कोजी योकोई नावाचा शाळकरी पोरगा अशी डोकेमोठी गमतीची चित्रं पाठवायचा, त्यातून झाली. वाचकांची पत्रं नीट वाचावीत ती अशी. (आमचे संपादक हे वाचतायत ना?)

नंतर 1994 ला एचजी, म्हणजे हाय ग्रेड, मालिका आली, आधी अल्ट्रामॅनची, 200 येनला पूर्ण रंगवलेला फिगर. एकरंगी ठोकळ्याची सवय असलेल्या लोकांना ते बघून काय वाटलं असेल. रोबो पण मग तशा रंगीत रूपात आले, एचजी एमएस सिलेक्शन नावाने (एमएस म्हणजे मोबाइल सूट, गंडममध्ये रोबोंना तेच म्हणतात). हे फिगर पोज देऊन उभे, हलत नाहीत, चार-पाच तुकड्यांत येतात आणि आपण जोडायचे. पोटाचा तुकडा पायाच्या तुकड्यात दाबताना 'टक' होत नाही तोवर बसलेला नसतो, नवखे लोक घाबरून अर्धवट ठेवतात मग तो वाकडा उभा राहतो. जोर लावा, मोडत नाही. न बसला तर कोमट पाण्यात मिनिटभर बुडवा.

आताच्या काळातलं म्हणजे मोबाइल सूट एन्सेम्बल. 500 येन, सांधे हलतात, हात-पाय-शस्त्रं एकाची काढून दुसऱ्याला लागतात, रंग मस्त. गोम एकच, प्रत्येक सेटमध्ये एक 'शस्त्रांचा सेट' पण असतो, म्हणजे पाचशे येन टाकून गोळा उघडला आणि आत रोबोच नाही, नुसत्या बंदुका नि ढाली! पहिल्यांदा असं झालं की माणूस हिरमुसतो, पण जुने जमवणारे तेच शोधत असतात कारण बाकीचे रोबो त्याने सजतात, तेव्हा फेकू नका, त्यावर अदलाबदल छान होते. अजून एक वेगळी जात म्हणजे 2017 ची एक्सीड मॉडेल झाकू हेड, 500 येन, नुसतं झाकूचं डोकं. अख्खा रोबो बसत नाही ना, मग डोकंच घ्या आणि ते भरपूर बारकाईने करा. आतलं यंत्र, नळ्या, एक डोळा. टेबलावर ठेवलं की रोबोचं काही माहीत नसलेला माणूस पण उचलून बघतो.

तर तुमच्यासाठी, बजेट कमी म्हणालात म्हणून, एसडी केशीपासून सुरू करा. जुन्या बाजारात एकएकट्या न घेता मूठभर एकत्र विकतात, 'मातोमे' म्हणून, त्यात घ्या. आणि एकच नियम पाळा, एक मालिका किंवा एक रोबो. फक्त झाकू. किंवा फक्त केशी. सगळं जमवीन म्हणणाऱ्याकडे वर्षभराने कपाट भरतं आणि काय जमवतोय हे त्यालाच सांगता येत नाही.

ताई, मी आठवीत आहे. मामा जपानला गेलाय, तो म्हणतो सेटमध्ये सहा रोबो असतील तर सहा वेळा फिरवलं की झालं. मला वाटतं नाही होणार. कोण बरोबर? (सोलापूर)

तू बरोबर. मामाला दाखव हे.

समज सहाही रोबो सारख्याच प्रमाणात आहेत. पहिला फिरवला की जो येईल तो नवाच. दुसऱ्या वेळी सहातले पाच नवे, म्हणजे तसं सोपंच. पण शेवटचा एकच राहिला की प्रत्येक वेळी सहात एक चान्स, म्हणजे त्या एकट्यासाठीच सरासरी सहा वेळा फिरवावं लागतं. सगळं मिळून बेरीज 6 × (1 + 1/2 + 1/3 + 1/4 + 1/5 + 1/6), वहीत करून बघ, 14.7 येतं. पाचचा सेट असेल तर 11.4, आठचा असेल तर जवळजवळ 22. एक गोळा 400 येनला धर आणि मामाचं बिल काढ.

पण थांब, खऱ्या मशीनमध्ये एवढं वाईट नसतं. मशीनमध्ये खोक्यातून ठरलेल्या प्रमाणात मिसळून गोळे भरतात, त्यामुळे नव्याने भरलेल्या मशीनवर एकाच वेळी बरेच फिरवले तर वेगवेगळे यायची शक्यता आपल्या गणितापेक्षा जरा बरी. उलट आधीच कुणीतरी येऊन चांगले उपसून गेलं असेल तर मामा गेला कामातून, आणि काही सेटमध्ये एखादा नग मुद्दाम कमी घातलेला असतो, किंवा कागदावर काळी सावली दाखवून 'सीक्रेट' ठेवलेला. म्हणून जमवणारे काय करतात, तीन-चार वेळा फिरवतात, मजा घेतात, आणि उरलेले सुटे विकणाऱ्या दुकानातून घेतात. मामाला सांग अकिहाबारात काचेच्या कप्प्यांची दुकानं असतात, तिथे हवा तो नग निवडून मिळतो. थोडे पैसे जास्त पण बंदुकांचा सेट चौथ्यांदा येण्यापेक्षा बरं.

आमच्याकडे दमट हवा, तुम्हाला माहितीच आहे. भावाने दहा-बारा वर्षांपूर्वी आणलेले रोबो मी कपाटात कपड्यांच्या वर डब्यात नीट ठेवले होते, आता काढले तर सगळे चिकट, दोन एकमेकांना चिकटलेत, आणि डब्याच्या तळाला एकाचा पाय रुतल्यासारखा झालाय. डांबरगोळ्या पण टाकल्या होत्या तरी असं का झालं? (चिपळूण)

अहो, डांबरगोळ्या टाकल्या 'तरी' नाही, टाकल्या म्हणून पण.

एकेक बघू. मऊ फिगर पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात, प्लॅस्टिसायझर. वर्षं गेली की तो हळूहळू पृष्ठभागावर येतो, तोच चिकटपणा. उकाडा असेल तर लवकर येतो, आणि घट्ट बंद डब्यात किंवा पिशवीत असेल तर उडून जायला जागाच नाही म्हणून तिथेच साचतो. म्हणजे आपण जपून, पिशवीत बांधून, वर डब्यात बंद करून ठेवलं की तेच बाधतं. कोकणात तर मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात काय होत असेल सांगायलाच नको.

पाय रुतला तो डब्यामुळे. तुमचा डबा पारदर्शक, कडक, टकटक वाजणारा असेल तर तो बहुतेक पॉलिस्टायरिनचा आणि हा बाहेर आलेला पदार्थ पॉलिस्टायरिनला विरघळवतो. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा बघा, 6 असेल तर रोबोसाठी नको, 5 असेल तर चालेल, तो पॉलिप्रॉपिलिन, आपले पांढुरके, जरा लवचीक डबे असतात ना ते. आणि डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन, त्याची वाफ प्लॅस्टिकमध्ये शिरते, मऊ करते, रंग पण सुटतो. कापराच्या वड्यांचं पण तेच. साड्यांना चालतं म्हणून सगळ्याला चालत नाही. रोबो त्या कपाटातूनच बाहेर काढा.

आता उपाय. कोमट पाणी, गरम नाही, कोमट, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा, काखेत, मानेखाली, ढालीच्या मागे, तिथेच चिकटा बसतो. स्वच्छ पाण्याने धुवा, टिपा, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही, पांढरा भाग पिवळा पडतो आणि मग तो परत पांढरा करणं म्हणजे नस्ता उद्योग. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर जवळ आणू नका, चिकटा जाईल आणि त्याबरोबर रोबोचा चेहरापण. एकमेकांना चिकटलेले दोघे ओढू नका, कोमट पाण्यातच हळूहळू पिळत सोडवा, एकाचा रंग दुसऱ्याला लागला असेल तर तो डाग मात्र आता कायमचा. टाल्कम पावडर लावा असं कुणीतरी सांगेल, नका लावू, खाचांत जाऊन बसते आणि पावसाळ्यात तिचा लगदा होतो.

वाकलेली तलवार-बंदूक असेल तर उकळून जरा खाली उतरवलेल्या पाण्यात काही सेकंद बुडवा, सरळ करा, लगेच गार पाण्यात धरा. ते सरळच राहतं. मग ठेवताना प्रत्येकाच्या मध्ये साधा कागद, डब्याचं झाकण पूर्ण न लावता, एक सिलिका जेलची पुडी आणि गोळ्यातून येणारं ते घडीचं चिटोरं, मिनी बुक, वेगळ्या पाकिटात. मिनी बुकला बुरशी आधी लागते आणि विकायची वेळ आली की तेच नसल्याने भाव पडतो. पावसाळा संपला की एकदा सगळ्यांना बाहेर काढा, हवा खाऊ द्या.

ऑनलाइन '1985 ची ओरिजिनल एसडी गंडम केशी, रेअर' म्हणून एक फोटो आलाय, भाव ऐकून घाम फुटला. खरी कशी ओळखायची? (ठाणे)

पहिली गोष्ट, 'रेअर' शब्द विकणारा लिहितो, घेणाऱ्याने त्याकडे लक्षच देऊ नये. 1985 नंतर या केशी वर्षानुवर्षं निघत होत्या, भरपूर, त्यामुळे बहुतेक सगळ्या काही दुर्मीळ नाहीत.

फोटो मागवा, पाठीचा आणि पायाच्या तळव्याचा. अक्षरं कोरलेली असतात, कंपनी, हक्क कुणाचे ते. गंडमचे हक्क सांभाळणारी कंपनी आधी 'सोत्सू एजन्सी' होती, 2007 ला तिने नावातलं एजन्सी काढून टाकलं. तेव्हा विकणारा म्हणतोय जुना नग आणि छापलंय नुसतं 'सोत्सू', तर तो 2007 नंतरचा. खोटा असेलच असं नाही, पण 1985 चा नक्की नाही. साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ही अक्षरं पुसट, भरलेली दिसतात आणि नग मूळच्यापेक्षा किंचित लहान असतो कारण ओतताना माल आकसतो, आपल्याकडे एक खात्रीचा असेल तर शेजारी उभा करून बघा.

जपानी साइटवरून मागवणार असाल तर तिथले दोन-चार शब्द ओळखा, भाषांतर करणारं ॲप त्यांचं काहीतरी भलतंच करतं. 'झेन गो-शु' म्हणजे पाचही प्रकार, पूर्ण सेट. 'कोन्पू' पण तेच, सेट पूर्ण. 'मिकाइफू' म्हणजे न उघडलेला. 'केप्पिन' दिसलं की थांबा, काहीतरी भाग नाहीये. 'जंक' म्हणजे आपला भंगार आणि तिकडे ते प्रामाणिकपणे लिहितात हं, आपण म्हणतो 'चालू कंडिशन', तसं नाही. मर्कारी, याहू ऑक्शन यावरून थेट भारतात सहसा येत नाही, मधला एजंट लागतो, तो त्याचं कमिशन घेतो, मग टपाल, मग कस्टम. खेळण्यांवरची ड्यूटी 2020 ला 20 टक्क्यांवरून 60 केली आणि 2023 ला 70. घरी वापरायला येणाऱ्या पार्सलचा हिशोब जरा वेगळा पडतो, पण फुकट काहीच सुटत नाही. तीनशे रुपयांची केशी दारात येईपर्यंत हजाराची होऊ शकते, म्हणून एकेक न मागवता साठवून एका खोक्यात मागवा, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठा. कोल्हापूरच्या दादांना पण हेच.

आमचे हे पंचेचाळिशीचे आहेत. रात्री जेवण झाल्यावर टेबलावर रोबो मांडून बसतात. सासूबाई म्हणतात याला डॉक्टरकडे न्या. (नाशिक)

ताई, सासूबाईंना विचारा घरात कुणी बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले इवलेसे प्लॅस्टिकचे प्राणी साठवले होते का. त्या पिढीच्या घरात हमखास एक डबी निघते. मग कुणाला डॉक्टरकडे न्यायचं ते ठरवा.

सिरीयसली, ह्या फिगरच्या कागदावर वय बहुतेक वेळा '15 वर्षांपुढे' असंच छापलेलं असतं, म्हणजे कंपनीलाच माहितीये गिऱ्हाईक कोण आहे. महिन्याला किती खर्च हे दोघांनी बसून ठरवा, आणि धूळ पुसायचं काम त्यांचं त्यांनी करायचं. तुम्ही फडकं मारलंत आणि कुणाचा हात तुटला तर घरात जास्त मोठा प्रश्न होईल.

आम्ही निशी-कासाईला राहतो. डबल आलेले बरेच रोबो जमलेत. दिवाळीत साताऱ्याला जाणार, भाच्यांना वाटू का? (टोकियो)

निशी-कासाई म्हणजे टोकियोतली भारतीयांची मोठी वस्ती, निम्मं आपलंच गाव, तिथे आधी आपल्या लोकांच्या ग्रुपवर विचारा, दाबुरी म्हणजे डबल आलेल्यांची अदलाबदल करायला कुणीतरी नक्की मिळेल. भाच्यांचं म्हणाल तर वय बघा. तीन वर्षांच्या आतलं पोर घरात असेल तर अजिबात नको, बंदूक नि शिंगं सरळ घशात जातील एवढी असतात. पाच-सहाच्या पोरांना केशी द्या, त्यात सुटं काही नाही, फेकली-आपटली तरी काही होत नाही. सांध्यावाले मोठ्यांना. आणि नेताना गोळ्यातून काढूनच न्या, बॅगेत जागा राहील. तरी एक-दोन तसेच बंद ठेवा, पोरांना चिकटपट्टी सोडवून गोळा उघडण्यातच खरी मजा असते, आत काय आहे ते नंतर.

दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात जायंट रोबोट लागायचं. मनगटी घड्याळात बोलणारा मुलगा. त्याचा छोटा पुतळा मिळेल का? नातवाला दाखवायचाय. (अकोला)

काका, तुमच्यासारखे बरेच जण विचारतात! ती मालिका जपानची, 1967-68 ची, तोएई कंपनीची, 26 भाग, आणि मूळ चित्रकथा मित्सुतेरू योकोयामाची. घड्याळात बोलणारा जो मुलगा आपल्याकडे जॉनी होता तो तिकडे दाइसाकू.

शोधताना 'जायंट रोबो' असं शोधा, शेवटी ट नाही. एक काळजी घ्या, 1992 पासून याच नावाची एक कार्टून मालिका पण आली, तिच्यातला रोबो जास्त थोराड, जास्त अवजड. तुम्हाला हवाय तो साध्या चेहऱ्याचा, डोक्यावर इजिप्तच्या राजासारखा टोप असलेला. जुन्या पडद्यावरच्या रोबोंचे मऊ व्हिनाइलचे पोकळ पुतळे जपानात खूप जमवतात, सोफुबी म्हणतात, ते गोळ्यात मावत नाहीत पण हातात धरायला छान असतात, तिकडे पण बघून ठेवा. नाकानो ब्रॉडवे नावाची 1966 ची इमारत आहे टोकियोत, तिथे मांदाराकेची जुन्या खेळण्यांची दुकानं मजल्यामजल्यावर आहेत. कुणी ओळखीचं जात असेल तर त्याला तिथे पाठवा, रोबोचा फोटो फोनमध्ये देऊन, नावावर जाऊ नका.

माझा मुलगा दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी गंडम उभे करतो. शेजारचे आजोबा चिडले. शिवाय रोबो मातीत खराब होतील का? (डोंबिवली)

आजोबांचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही. फक्त महाराजांच्या सिंहासनाच्या वरच्या बाजूला झाकू नको एवढं मुलाला सांगा, तटाखाली पहाऱ्याला चालेल.

मातीचं म्हणाल तर केशी असतील तर बिनधास्त, नंतर नळाखाली धरल्या की झालं. सांध्यावाले नकोत, ओली माती सांध्यात जाऊन वाळली की हात फिरवताना करकर करते आणि रंग खरवडतो. किल्ल्यावर हळीव पेरलं असेल तर रोज पाणी शिंपडणार, तेव्हा रंगवलेले रोबो बुरुजावर कोरड्या पुठ्ठ्यावर उभे करा. पणती त्यांच्यापासून वीतभर लांब, पीव्हीसी आचेने लगेच वाकतं. आणि तांबडी माती पांढऱ्या पायांना लागली तर तशीच वाळू देऊ नका, रात्रीच धुवा. सकाळपर्यंत ठेवली की ती रेघांमध्ये बसते आणि मग टूथब्रश घेऊन तुम्हालाच बसावं लागणार, मुलगा काही बसणार नाही.